कार्यवाही कोण करणार? – कचेरीतल्या मराठीचा एक इतिहास

आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर काही वर्षांपूर्वी एक सूचना लागली होती. 'शुल्क सवलतीच्या अर्जांतील त्रुटींची पूर्तता करून सदर अर्ज विहित मुदतीत फेरसादर करण्यात यावेत, अन्यथा ते विचारात घेतले जाणार नाहीत.' फलकावर जाण्यापूर्वी ही सूचना मराठी विभागाकडे, म्हणजे आमच्याकडे, तपासणीसाठी आली होती. आम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासले, एक अनुस्वार वाढवला आणि कागद परत केला. भिवंडी तालुक्यातील एका गावातून रोज एसटीने येणारा आमचा एक विद्यार्थी तीन दिवस त्या फलकापुढून गेला. त्याने सूचना वाचली होती. ती आपल्यासाठी आहे, हे मात्र त्याला कळले नाही. त्याच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा राहिला होता. त्या वर्षी त्याची सवलत गेली. 'सर, त्रुटी म्हणजे माझा दाखला, हे त्यात कुठे लिहिलं होतं?' या त्याच्या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकांपाशी उत्तर नव्हते.

कचेरीच्या भाषेची टिंगल हा मराठी माणसाच्या आवडीचा विषय आहे. 'योग्य ती कार्यवाही', 'उपरोक्त विषयान्वये', 'आपल्या स्तरावर', 'अवलोकनार्थ सादर' अशा शब्दप्रयोगांवर हसायला विनोदी लेखकाची गरज नसते. अलीकडे खाजगी कंपन्यांतील 'अलाइन होऊ या', 'मला लूपमध्ये ठेवा' या वाक्यांची त्यात भर पडली आहे. या चिडचिडीचे मूळ सामान्यतः शब्दांच्या कुळात शोधले जाते. कोणाला फारसी खुपते, कोणाला संस्कृत जड वाटते, तर कोणाला इंग्रजीचे आक्रमण दिसते. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर आम्ही कचेरीतल्या मराठीचा इतिहास पुन्हा वाचला, तेव्हा साडेतीनशे वर्षांचा हा वाद बव्हंशी चुकीच्या जागी लढला गेला, असे आम्हांला वाटू लागले. ते का, हे येथे मांडायचे आहे.

या इतिहासासाठी ठाणे-कल्याणचा परिसर सोयीचा आहे, कारण येथे कचेरीची भाषा वारंवार बदलली. कल्याण-भिवंडीचा मुलूख १६५७ मध्ये विजापूरकरांकडून शिवाजी महाराजांकडे आला. ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, त्यानंतर मराठ्यांकडे आणि १७७४ च्या अखेरीपासून इंग्रजांकडे. फारसी, पोर्तुगीज, मराठी आणि इंग्रजी अशा चार भाषांत या टापूने सारा भरला आणि अर्ज लिहिले. त्याच्या खुणा आजही आहेत. डोंबिवलीच्या कोणत्याही जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील नावांची पाटी वाचावी. चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस ही आडनावे एकेका हुद्द्याची आहेत आणि त्यांतील 'नीस' हा फारसीतील 'नवीस', म्हणजे लिहिणारा. रोज सकाळी लोकल पकडून लिहायला जाणाऱ्यांच्या गावाला ही पाटी शोभून दिसते. ज्यासाठी ही लोकल पकडायची तो 'पगार' पोर्तुगीजांकडून आलेला. 'लिलाव'ही त्यांचाच. पगाराला 'वेतन' हा प्रतिशब्द कागदावर रुळला, तरी महिन्याच्या एक तारखेला वेतन झाले का, असे घरी कोणी विचारत नाही.

आता शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्राकडे वळू. ही पत्रे ठरीव शब्दप्रयोगांनी भरलेली आहेत. वरच्याने खालच्यास लिहिलेल्या पत्रात 'आज्ञा केली ऐसीजे' यायचे, शेवटी 'जाणिजे' यायचे. बरोबरीच्यांच्या पत्रात 'विनंति उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे' हे ठरलेले असे. ही साचेबंद भाषाच होती, आणि रोज पन्नास पत्रे लिहिणाऱ्या कारकुनाला तिचा कंटाळा येत असणार. परंतु त्या साच्यातील बहुतेक तुकड्यांना काम नेमून दिलेले होते. पत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उठवत. मजकूर येथे संपला, याखाली कोणी ओळ घुसडल्यास ती खोटी समजावी, हे तिचे काम. पेशवाईतील 'मोर्तबसुद' या शेऱ्याने कागदावर मोर्तब झाल्याचे कळे. मायन्यावरूनच लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची पायरी समजत असे.

व्याकरणाच्या विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'जाणिजे' हे रूप कर्मणी घडणीचे आहे. शालेय व्याकरणात 'कीजे', 'बोलिजे' यांसारख्या रूपांना पुराण कर्मणी म्हणतात, त्याच वळणाचे. म्हणजे कर्मणी रचना कचेरीत इंग्रजांनी आणली, असे सरसकट म्हणता येणार नाही. तरीही ते पत्र वाचणाऱ्याला आज्ञा कोणाची आणि ती कोणी पाळायची, याबद्दल संभ्रम पडत नसे. ती दोन्ही नावे मायन्यातच आलेली असत.

शब्दांच्या कुळाचा वाद याच काळात सुरू झाला. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचला. दरबारी वापरातील सुमारे चौदाशे यावनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी वेगवेगळ्या काळांतील तीन पत्रांतले शब्द मोजून पाहिले. त्यांच्या मोजणीनुसार मराठी शब्दांचे प्रमाण १६२८ च्या पत्रात शेकडा सुमारे १४, १६७७ च्या पत्रात ६३ आणि १७२८ च्या पत्रात ९४ होते. तीनच पत्रांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी राज्यकर्त्याने मनावर घेतले तर कचेरीची भाषा दोन पिढ्यांत पालटते, एवढे त्यावरून दिसते.

पालटले नाही, तेही पाहण्यासारखे आहे. मुख्य प्रधान हे संस्कृत नाव दिले, तरी लोकांच्या आणि इतिहासाच्या तोंडी पेशवेच राहिले. अर्ज, दाखला, तक्रार, नक्कल, मंजूर, हजर, रजा, वसूल यांपैकी एकही शब्द गेला नाही. ज्या शब्दांशिवाय रयतेचे काम अडत होते ते टिकले. ज्या सरकारी मराठीला आज आपण संस्कृतप्रचुर म्हणून नावे ठेवतो, तिचा लाडका 'सदर' हा शब्दही अरबीतून आलेला आहे.

इंग्रजी अमदानीत कचेरी आणि रयत यांच्यात आणखी एक भाषा येऊन बसली. वरचा साहेब इंग्रजीत लिहिणार, खालचा कारकून मोडीत लिहिणार आणि ज्याच्या जमिनीबद्दल लिहायचे त्याला दोन्ही येत नाहीत, अशी स्थिती झाली. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात सरकारी खात्यांतील कामगार अज्ञानी शेतकऱ्याला कसे नाडतात, याचे तपशीलवार वर्णन येते. भाषेच्या अभ्यासकांनी तो भाग मुद्दाम वाचावा. कचेरीतला कागद समजणे न समजणे हा साहित्यिक अभिरुचीचा प्रश्न नसून त्यावर माणसाचे शेत राहते किंवा जाते, हे फुले यांनी ओळखले होते. आमच्या विद्यार्थ्याची सवलत ही त्यामानाने लहान गोष्ट, परंतु जात तीच.

याच काळातील, आजवर चालत आलेला दुसरा एक नमुना मात्र वेगळे सांगतो. कल्याणच्या न्यायालयाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांकडे आजही 'कारणे विनंती अर्ज ऐसाजे' अशी सुरुवात भेटते. शिवकालीन 'ऐसीजे'चाच तो वंशज. जुन्या वळणाच्या खरेदीखतात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' अशी दोन पात्रे असतात. दोघांची नावे, वये, पत्ते आधी येतात. मग मिळकतीच्या चतुःसीमा, रक्कम आणि अखेरीस हे खत 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' लिहून दिल्याची कबुली. शब्द जुने, वाक्य दोन पाने लांब, स्वल्पविरामांचा पत्ता नाही. भाषाशुद्धीच्या कोणत्याही कसोटीला ते उतरणार नाही. तरी कोणी, कोणाला, काय आणि केवढ्याला दिले, हे त्यात निसटत नाही. घर विकणारा माणूस 'घर विकण्यात येत आहे' असे लिहीत नाही. ते लिहिणे त्याला आणि घेणाऱ्यालाही परवडणारे नसते.

मग 'येत आहे', 'यावे', 'येईल' हे कोठून आले? इंग्रजी वळणाच्या कर्मणी रचनेला आपले व्याकरण 'नवीन कर्मणी' म्हणते. 'करण्यात येते' ही तिचीच शेजारीण. इंग्रजी कचेरीतील टिपणे, हुकूम आणि जाहीरनामे कर्त्याचे नाव न घेता लिहिण्याची रीत होती. सरकार ही व्यक्ती नाही, ती एक यंत्रणा आहे, ही त्यामागील कल्पना. ती वाक्ये मराठीत उतरवताना ही रचना हाताशी आली आणि पुढे मूळ मराठीत लिहितानाही हात तिकडेच वळू लागला, असे आमचे मत आहे. त्या कल्पनेत काही चांगलेही होते. अधिकारी बदलला तरी हुकूम बदलू नये, यासाठी ती उपयोगी होती. परंतु ज्या वाक्यात कर्ता नाही, त्या वाक्यावर कोणाला पकडता येत नाही, हेही कचेरीला लवकरच उमगले.

विसाव्या शतकात शब्दांचा वाद पुन्हा पेटला. सावरकरांची भाषाशुद्धी चळवळ आणि फारसीचे पंडित असूनही तिचे कैवारी झालेले माधव जूलियन यांचा १९३८ चा 'भाषाशुद्धि-विवेक' आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' हा बहुभाषी कोश निघाला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भाषा संचालनालय निघाले. १९६२ मध्ये 'पदनाम कोश' आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदनाम कोशाची वृत्तपत्रांनी 'बदनाम कोश' म्हणून यथेच्छ चेष्टा केली. आज त्या चेष्टेकडे पाहताना गंमत वाटते. कारण संचालक, अधीक्षक, सचिव, लिपिक हे शब्द आता कोणाला टोचत नाहीत. सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे 'दिनांक' आणि 'क्रमांक' तर प्रत्येक सरकारी पत्राच्या डोक्यावर बसलेले आहेत. नवा शब्द जड वाटतो तो नवा असेपर्यंत. या कोशकारांनी केलेले काम मोठे होते आणि त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे.

परंतु कोश शब्दांचा असतो, वाक्याचा नसतो. त्या पिढीने इंग्रजी टिपणीतील शब्द बदलले आणि तिची घडण तशीच ठेवली. 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी' या वाक्यातील प्रत्येक शब्द भाषाशुद्धीला पसंत पडेल असा आहे. आवश्यक काय, कार्यवाही कोणती, ती कोण करणार आणि केव्हा, हे चार प्रश्न त्याने शिल्लक ठेवले आहेत. या विषयावर मराठीत तरी फारशी चर्चा झाली नाही. इंग्रजीत ती झाली होती. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये राजकारण आणि भाषा यांवरील निबंधात आणि सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ च्या 'प्लेन वर्ड्स' या सरकारी नोकरांसाठीच्या पुस्तिकेत शब्दांबरोबर वाक्यालाही हात घातला. आम्ही मात्र साहेबाचा शब्द हाकलला म्हणून समाधानी राहिलो.

नव्या शतकात कचेरी बदलली. ठाण्याच्या ज्या वागळे इस्टेटमध्ये १९६० च्या दशकापासून कारखाने उभे राहिले, तेथे त्यांतील अनेक बंद पडून काचेच्या इमारती आल्या. आमचे माजी विद्यार्थी तेथे काम करतात आणि संध्याकाळी भेटले की 'सर, बँडविड्थ नाही हो' असे म्हणतात. त्यांनी पाठवलेल्या निरोपांत 'एस्केलेट', 'ईओडी', 'टच बेस' हे शब्द असतात. मराठीच्या भवितव्याची चिंता करण्यापूर्वी या बोलीतील एक वाक्य नीट पाहावे. 'प्लीज डू द नीडफुल.' खास हिंदुस्थानी कचेरीचे म्हणून ओळखले जाणारे हे इंग्रजी म्हणजे 'आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी' याचीच जुळी बहीण. काय करायचे हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. ते न झाल्यास दोष मात्र वाचणाऱ्याचा. उलट 'प्रीपोन' हाही येथेच रुळलेला शब्द. परंतु मीटिंग अलीकडे आणणे हे त्याचे काम तो एका शब्दात करतो. तो रागावण्यासारखा नाही. सरकारी खिडकीवरचे 'फाईल वर गेली आहे' आणि कंपनीतले 'ते प्रोसेसमध्ये आहे' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की आमचा मुद्दा स्पष्ट होईल. एक मराठी, एक मिश्र. फाईल आपल्या पायांनी वर जात नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून आम्हांला सुटता येणार नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी 'नॅक' १९९४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिच्या अहवालांसाठी आम्हीही एक भाषा शिकलो. 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी विविध उपक्रम राबविण्यात आले.' असे वाक्य लिहिले नाही, असा प्राध्यापक आमच्या पाहण्यात नाही. विविध म्हणजे किती, राबवले कोणी आणि विकास कोणाचा झाला, हे विचारले असते तर आमची पंचाईत झाली असती. वर्गात आम्ही प्रयोग शिकवतो, कर्ता आणि क्रियापद यांचा संबंध शिकवतो, आणि कार्यालयात जाऊन कर्ता पुसून येतो.

शब्दांच्या कुळापेक्षा कर्ता महत्त्वाचा, या मताला इतिहासानेच एक आधार दिला आहे. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. त्याने 'जन माहिती अधिकारी' नेमला आणि तीस दिवसांची मुदत घातली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्रातील बदल्या व विलंबाबाबतच्या अधिनियमाने कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, असे सांगितले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक सेवेसाठी 'पदनिर्देशित अधिकारी' आणि 'प्रथम अपील प्राधिकारी' ठरवले. हे शब्द पदनाम कोशातल्या कोणत्याही शब्दाइतकेच बोजड आहेत. परंतु दाखला न मिळालेला माणूस ते पाठ करतो, कारण त्यांच्यामागे एक खुर्ची आहे आणि एक तारीख आहे. कायदा आला म्हणून खिडकीवरची वागणूक सर्वत्र बदलली, असा आमचा दावा नाही. पण 'करण्यात येईल' या वाक्याला 'कोणाकडून आणि कधी?' असे विचारण्याचा हक्क सामान्य माणसाच्या हाती आला. २०२२ मध्ये विधिमंडळाने स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी अनिवार्य केली, याचा आम्हांला आनंद आहे. मात्र ती मराठी कोणत्या वाक्यांची असेल, हे कोणताही अधिनियम ठरवू शकत नाही.

पुढल्या वर्षी शुल्क सवलतीची सूचना पुन्हा आमच्याकडे तपासायला आली. या वेळी आम्ही ती नव्याने लिहिली. 'खाली ज्यांची नावे आहेत त्यांच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही. त्यांनी तो शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खिडकी क्रमांक दोनवर आणून द्यावा. कार्यालय सोमवारी अर्ज पुढे पाठवील.' अर्ज आणि दाखला अरबीतून आलेले, कार्यालय आणि क्रमांक संस्कृतातले, खिडकी घरची. कोणी काही विचारले नाही.

आक्षेप आला तो वेगळाच. अनेक वर्षे त्या टेबलावर काढलेल्या मुख्य लिपिकांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, 'सर, सगळं समजतंय, पण हे ऑफिशियल वाटत नाही. आणि सोमवारी पाठवील असं लिहिलंत, सोमवारी नाही गेले तर विचारायला कोणाकडे येतील?' त्यांचा प्रश्न खरा होता. आम्ही सूचनेखाली आमच्यापैकी एकाचे नाव आणि विभागाची खोली क्रमांकासह लिहिली. सोमवारी दुपारी तीन विद्यार्थी विचारायला आले. अर्ज तोवर गेलेले नव्हते. आम्हांला उठून कार्यालयात जावे लागले.